किरणांना पेशी काय उत्तर देते

आत्याच्या तोंडातल्या गाठीवर किरणोपचार चालू होते तेव्हा गावाकडून येणारा प्रत्येक फोन एकाच प्रश्नानं सुरू व्हायचा. "शेक किती झाले?" आत्या सांगायची, "बारा झाले, एकवीस राहिले." आमच्याकडे किरणोपचारांना शेक म्हणतात, कुणी लाईट म्हणतात. गुडघ्याला विटेचा शेक, बाळंतिणीला शेगडीचा शेक, तसाच हा यंत्राचा. आयुष्यभर मिश्रीनं दात घासलेल्या आत्यानं तो शब्द सहज स्वीकारला होता. तिसऱ्या आठवड्यात तिचं तोंड आतून सोललं, भाताची पेजही गिळवेना, तेव्हा मात्र तिनं मला विचारलं, "अरे, त्या यंत्राखाली मला काहीच कढत लागत नाही. मग तोंड भाजलं कशानं?"

त्या वेळी मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून गेला नाही. पुढे वाचत गेलो तसं लक्षात आलं की आत्यानं या शास्त्राच्या अगदी गाभ्याला हात घातला होता. सबंध शरीराला एका वेळी 4 ग्रे इतकी मात्रा मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर माणूस वाचण्याची शक्यता जेमतेम निम्मी उरते. ग्रे म्हणजे दर किलो वजनामागे एक ज्यूल ऊर्जा. 60 किलोच्या माणसाच्या अंगात 4 ग्रेनं 240 ज्यूल ऊर्जा शिरते. शरीराचं तापमान त्यानं एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकंच वाढतं. गरम चहाच्या अर्ध्या चमच्यातून आपण तेवढी उष्णता पोटात घेतो. म्हणजे जी ऊर्जा चहातून आली तर जिभेला कळतसुद्धा नाही, ती किरणांतून आली की जिवावर बेतते. उष्णता हे त्याचं कारण असूच शकत नाही. कारण पेशीत आहे. किरण पेशीत एक घटना घडवतात आणि पेशी त्या घटनेला उत्तर देते. गाठ विरते ती त्या उत्तरामुळे, आणि तोंड सोलतं तेही त्याच उत्तरामुळे.

पेशीचं हे उत्तर बदलू पाहणाऱ्या द्रव्यांवर गेली वीस वर्षं जगभर जोरात काम चालू आहे. सोनं, हॅफ्निअम, गॅडोलिनिअम, सेरिअम अशा धातूंचे किंवा त्यांच्या संयुगांचे अतिसूक्ष्म कण, त्यांच्यावर सिलिका, साखर किंवा प्रथिनं यांचे थर, असं मिळून तयार होणारं नॅनोसंमिश्र. काही द्रव्यं गाठीच्या पेशीला किरणांपुढे हळवी करतात, काही निरोगी पेशीला चिवट करतात. वर्तमानपत्रांत त्यांच्याबद्दल येतं ते बहुधा चमत्काराच्या भाषेत. मला या संशोधनाबद्दल मनापासून आस्था आहे, म्हणूनच ती भाषा धोक्याची वाटते. माझं म्हणणं असं आहे की या द्रव्यांची किंमत ती किती पेशी मारतात यावर ठरवू नये. गाठीची पेशी आणि निरोगी पेशी यांच्या उत्तरांतलं अंतर ती किती वाढवतात, यावर ठरवावी. आणि हे अंतर प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत पुरतं मोजता येत नाही. ते माणसातच मोजावं लागतं, पुष्कळ माणसांत आणि पुष्कळ काळ.

आधी पेशीत घडतं काय ते पाहू. पेशी म्हणजे मुख्यतः पाणी. क्ष-किरण किंवा गॅमा किरण आत शिरले की इलेक्ट्रॉन सुटतात, पाण्याचे रेणू फुटतात आणि हायड्रॉक्सिल नावाचे अत्यंत उतावीळ तुकडे तयार होतात. त्यांचं आयुष्य सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आसपासचं, पण तेवढ्यात ते शेजारच्या डीएनएचा धागा तोडतात. काही वेळा इलेक्ट्रॉन थेट धाग्यावरच आघात करतो. 1 ग्रेच्या मात्रेत एका पेशीत सुमारे हजार ठिकाणी डीएनएचा एक पदर तुटतो, आणि वीस ते चाळीस ठिकाणी दोन्ही पदर तुटतात. एक पदर तुटला तर पेशी दुसऱ्याच्या आधारानं तो बिनचूक जोडते. दोन्ही तुटले की प्रसंग कठीण होतो. पेशी विभाजन थांबवते, दुरुस्तीची प्रथिनं कामाला लावते, आणि दुरुस्ती जमत नसेल तर पी-53 या प्रथिनाच्या सांगण्यावरून स्वतःला संपवूनही घेते. माणसाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांत नेमकं हे पी-53 च बिघडलेलं असतं. म्हणजे एकाच किरणाखाली शेजारीशेजारी असलेल्या दोन पेशी दोन वेगळी उत्तरं देतात. ही गोष्ट हाताशी आहे म्हणूनच किरणोपचार शक्य होतात.

या शास्त्राचा सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे ते अंतर वाढवत नेण्याचा इतिहास आहे. राँटगेननं 1895 च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले, आणि थोड्याच महिन्यांत लोक ते गाठींवर सोडू लागले. गाठी विरत, पण कातडीही जळून जाई. पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये क्लोदियुस रेगो यांनी मेंढ्यांच्या वृषणांवर प्रयोग केले. एका फटक्यात मात्रा दिली तर मेंढा निर्बीज होईपर्यंत वरची कातडी खराब होई. तीच मात्रा अनेक दिवसांत वाटून दिली की कातडी टिके आणि आतल्या वेगानं विभागणाऱ्या पेशी मरत. त्यांचे सहकारी आन्री कुतार यांनी 1920 च्या दशकात हेच घशाच्या कर्करोगाला लागू केलं. आत्याचे 33 शेक त्या मेंढ्यांच्या प्रयोगातून आलेले आहेत. रोज थोडी मात्रा दिली की निरोगी पेशीला रात्रभरात दुरुस्तीला वेळ मिळतो, आणि दुरुस्तीत कच्ची असलेली गाठीची पेशी मागे पडते.

मग 1953 मध्ये इंग्लंडमध्ये ज्यांच्या नावानं आज मात्रा मोजली जाते त्या ल्युई हॅरॉल्ड ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राणवायूचं महत्त्व मांडलं. प्राणवायू असेल तर डीएनएची जखम पक्की होते. तो नसेल तर तेवढ्याच परिणामासाठी जवळजवळ तिप्पट मात्रा लागते. गाठीच्या आतल्या भागात रक्त नीट पोचत नाही, तिथे प्राणवायू कमी, म्हणून तिथल्या पेशी चिवट. पुढे संगणकानं किरणांना आकार देणं जमलं. इंग्लंडमधल्या एका चाचणीचे आकडे 2011 मध्ये आले. डोक्या-मानेच्या कर्करोगात लाळग्रंथी वाचवून किरण दिले, तर वर्षभरानं तोंड कोरडं पडण्याचा ठळक त्रास 74 टक्क्यांवरून 38 टक्क्यांवर येतो. गाठीला मिळणारी मात्रा तीच, ग्रंथीला मिळणारी कमी. हेही अंतरच, भूमितीनं मिळवलेलं.

भूमितीला मात्र हद्द आहे. गाठ आणि निरोगी ऊती एकमेकींत बोटं गुंतवल्यासारख्या मिसळलेल्या असतात, आणि कितीही बारीक केला तरी किरणांचा झोत त्यांना पेशीपेशीनं वेगळं करू शकत नाही. नॅनोद्रव्यांचा विचार इथून सुरू होतो. झोत सगळीकडे सारखाच पडू द्यायचा, पण गाठीच्या पेशींत आधीच असं काही नेऊन ठेवायचं की तिथे त्याचा घाव खोल बसेल.

जड धातू या कामाला का निवडले, याचं कारण भौतिकशास्त्रात आहे. कमी ऊर्जेचे क्ष-किरण शोषण्याची ताकद अणुक्रमांकाच्या साधारण तिसऱ्या घाताप्रमाणे वाढते. शरीर बनलं आहे ते हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनचं, म्हणजे अणुक्रमांक 1 ते 8. सोन्याचा अणुक्रमांक 79, हॅफ्निअमचा 72, गॅडोलिनिअमचा 64. अशा अणूवर किरण आदळला की त्यातून कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा फवारा उडतो. ते इलेक्ट्रॉन फार लांब जात नाहीत, कणाच्या आसपासच आपली ऊर्जा ओततात.

अमेरिकेत जेम्स हेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये हे उंदरांत दाखवलं. स्तनाच्या गाठी असलेल्या उंदरांच्या रक्तात त्यांनी 1.9 नॅनोमीटरचे सोन्याचे कण सोडले आणि मग क्ष-किरण दिले. वर्षभरानं 86 टक्के उंदीर जिवंत होते. नुसते किरण दिलेल्यांत 20 टक्केच. या निकालानं एक सबंध क्षेत्र उभं राहिलं. पण त्या प्रयोगात दर किलो वजनामागे 2.7 ग्रॅम सोनं वापरलं होतं. 60 किलोच्या माणसाला तोच हिशेब लावला तर 162 ग्रॅम, सराफाच्या आजच्या दहा ग्रॅमी तोळ्यानं सोळा तोळ्यांहून थोडं जास्तच सोनं शिरेत सोडावं लागेल. शिवाय प्रयोगातले किरण 250 किलोव्होल्टच्या यंत्राचे होते. आज माणसावर उपचार होतात ते मेगाव्होल्टच्या यंत्रांवर किंवा कोबाल्टवर, जिथे गॅमा किरणांची ऊर्जा 1.17 आणि 1.33 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. एवढ्या ऊर्जेला जड धातूंचा तो शोषणाचा फायदा बराच गळून पडतो.

महत्त्वाची गोष्ट अशी की कागदावरच्या हिशेबानुसार परिणाम जवळजवळ नाहीसा व्हायला हवा तिथेही प्रयोगांत तो दिसत राहिला. गणितापेक्षा पेशी जास्त मरत होत्या. त्याचा उलगडा करताना संशोधक भौतिकशास्त्राकडून पुन्हा पेशीकडे वळले. कण पेशीत शिरले की ते ग्लुटाथायोनसारख्या रक्षक रेणूंचा साठा कमी करतात, मायटोकाँड्रियाचं काम बिघडवतात, दुरुस्ती मंदावतात, विभाजनाच्या नाजूक टप्प्यावर पेशीला अडवून धरतात. म्हणजे कण हा किरणांना अडवणारा नुसता पडदा नाही. तो पेशीच्या उत्तरातही ढवळाढवळ करतो. इथे आत्याचा प्रश्न पुन्हा समोर येतो. घाव केवढा बसला यावर सगळं ठरत नाही. घाव बसलेल्या पेशीची आधीची स्थिती काय होती आणि नंतर तिनं काय केलं, यावर निकाल लागतो.

म्हणून धातूचा नुसता कण पुरत नाही, संमिश्र लागतं. सह्याद्रीच्या कुशीतल्या जुन्या घरांना कुडाची भिंत असे. कारवीच्या काठ्या ताण घेतात, माती दाब घेते, शेणाचं सारवण ओल अडवतं. तिघांपैकी एकट्यानं घर उभं राहत नाही. नॅनोसंमिश्रातही प्रत्येक थराला काम वाटून दिलेलं असतं. गाभा किरणांना अडवतो, थर कणाला रक्तात तरंगता ठेवतो, पृष्ठभागावरचे रेणू त्याला गाठीकडे नेतात किंवा शरीराबाहेर काढतात. फ्रान्समध्ये तयार झालेलं एगिक्स हे त्याचं चांगलं उदाहरण. पॉलिसिलोक्सेनच्या बारीक जाळीवर गॅडोलिनिअम बांधलेलं, आणि आकार 5 नॅनोमीटरच्या आसपास ठेवलेला, कारण एवढा लहान कण मूत्रपिंड गाळून टाकू शकतं. गॅडोलिनिअम एमआरआयमध्ये दिसतं, त्यामुळे द्रव्य गाठीत पोचलं का, हे डॉक्टर उपचाराआधी बघू शकतात. ग्रेनोबलला मेंदूत पसरलेल्या कर्करोगाच्या 15 रुग्णांवर त्याची पहिली चाचणी झाली. हेतू सुरक्षितता तपासण्याचा होता, आणि त्या गाठींत द्रव्य खरोखर साठलेलं चित्रांत दिसलं. कोणताही मोठा दावा न करता, आधी 'पोचलं का' एवढंच विचारणारी ही चाचणी मला आदर्श वाटते.

पोचण्याचा प्रश्न किती अवघड आहे, ते टोरांटो विद्यापीठातल्या वॉरन चॅन यांच्या गटानं 2016 मध्ये दाखवलं. दहा वर्षांतले प्रसिद्ध झालेले प्रयोग त्यांनी एकत्र तपासले. शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांच्या प्रमाणाचा मध्यक निघाला 0.7 टक्के. उरलेले बहुतेक यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात. काचेच्या बशीत मात्र कण थेट पेशींवर ओतलेले असतात, न यकृत मधे येतं, न रक्ताभिसरण. त्या बशीत मिळालेली 'पेशी मरण्याची टक्केवारी' मथळ्यात छापणं म्हणजे विहिरीच्या काठाशी पोहून समुद्र पार केल्याचं सांगणं. बशीतले प्रयोग आवश्यकच आहेत, त्यांच्यावाचून यंत्रणा कळणार नाही. पण त्यांतून निघतो तो प्रश्न. रुग्णाला हवं असलेलं उत्तर त्यांत नसतं.

पोचण्याची अडचण टाळायचा एक सरळ मार्ग म्हणजे द्रव्य सुईनं थेट गाठीतच देणं. एनबीटीएक्सआर-3 हे हॅफ्निअम ऑक्साइडचं द्रव्य तसं दिलं जातं. हातापायांच्या किंवा धडाच्या मऊ ऊतींतल्या सार्कोमा या कर्करोगावर त्याची अनेक देशांत मिळून चाचणी झाली. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीत जिवंत कर्करोग जवळजवळ उरलाच नाही, अशा रुग्णांचं प्रमाण नुसत्या किरणांच्या गटात सुमारे 8 टक्के आणि द्रव्य दिलेल्या गटात सुमारे 16 टक्के निघालं. ते निकाल 2019 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी युरोपात मान्यता मिळाली. 'प्रमाण दुप्पट' असा मथळा याचा होऊ शकतो आणि तो खोटाही नाही. पण शंभरांत आठ जणांना जास्तीचा लाभ झाला आणि चौऱ्यांशी जणांना ते यश मिळालं नाही, हेही तितकंच खरं आहे. शिवाय काढलेल्या गाठीत काय दिसलं आणि माणूस किती वर्षं जगला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला हा निकाल मोलाचा वाटतो, कारण एक कल्पना माणसाच्या शरीरात काहीतरी करून दाखवते, हे त्यानं सिद्ध केलं. पण त्याला पहिलं पाऊल म्हणावं, मुक्काम म्हणू नये.

आता दुसरी बाजू. काही द्रव्यं उलट दिशेनं काम करतात. सेरिअम ऑक्साइडच्या कणांत सेरिअम तीन आणि चार या संयुजांमध्ये ये-जा करू शकतं, त्यामुळे तो कण उतावीळ रेणूंना शांत करतो आणि पुन्हा कामाला तयार होतो. फ्लोरिडातल्या संशोधकांनी 2005 मध्ये दाखवलं की या कणांनी स्तनाच्या निरोगी पेशींना किरणांपासून जवळजवळ पूर्ण संरक्षण दिलं, कर्करोगाच्या पेशींना मात्र दिलं नाही. त्यासाठी मांडलं जाणारं एक कारण असं की गाठीच्या आम्लधर्मी परिसरात हाच कण वेगळा वागतो, शमवण्याऐवजी चेतवतो. हे माणसांत खरं ठरलं तर एकच द्रव्य दोन्हीकडून अंतर वाढवील. पण त्यात एक धोका आहे आणि तो लपवू नये. रक्षक द्रव्य थोडं जरी गाठीत शिरलं आणि तिथेही रक्षणच करू लागलं, तर आपण रोगाला कवच देऊ. अमिफॉस्टिन हे रक्षक औषध अमेरिकी सैन्याच्या संशोधनातून आलं. लाळग्रंथी वाचवण्यासाठी त्याला 1999 मध्ये तिथे मान्यता मिळाली. उलट्या आणि रक्तदाब उतरणं यांमुळे, आणि ते गाठीलाही वाचवत नाही ना या शंकेमुळे, त्याचा वापर मर्यादितच राहिला. नव्या रक्षक कणांना त्याच शंकेला तोंड द्यावं लागणार आहे.

मग कोणत्या मापानं मोजायचं? ते माप आपल्याच मुंबईत तयार झालं आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या 356 रुग्णांवर एक चाचणी केली. हे असे रुग्ण, ज्यांना किरणांबरोबर नेहमी दिलं जाणारं सिस्प्लॅटिन सोसणार नव्हतं. अर्ध्यांना नुसते किरण दिले, अर्ध्यांना किरणांबरोबर दर आठवड्याला थोडं डोसिटॅक्सेल. हे जुनं औषध, पेटंट संपलेलं, पेशीला किरणांपुढे हळवी करणारं. 2023 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण 41.7 वरून 50.8 टक्क्यांवर गेलं. कुठल्याही झगमगाटाविना शंभरांतली आणखी नऊ माणसं दोन वर्षांनंतर घरी होती. पण त्याच निकालात दुसरा आकडाही प्रामाणिकपणे दिलेला आहे. तोंडाची गंभीर सूज आणि सोलणं 22.2 टक्क्यांवरून 49.7 टक्क्यांवर गेलं. औषधानं गाठ हळवी केली आणि तोंडही हळवं केलं.

नॅनोद्रव्यांचं खरं वचन या दोन आकड्यांच्या मधे आहे, असं मला वाटतं. ती नऊ माणसं तोंडाची एवढी किंमत न मोजता मिळवता येतील का? थेट गाठीत दिलेलं नॅनोद्रव्य बहुतेक तिथेच थांबतं, डोसिटॅक्सेलसारखं रक्तातून सगळ्या पेशींपर्यंत फिरत नाही, म्हणून ते शक्य व्हावं, असं शास्त्र सांगतं. होईलच, असं ते सांगत नाही. म्हणून कुठल्याही नव्या कणाला माझा पहिला प्रश्न हाच राहील की तू स्वस्त, जुन्या, सिद्ध झालेल्या डोसिटॅक्सेलच्या शेजारी उभा राहायला तयार आहेस का. नुसत्या किरणांशी तुलना करून जिंकणं सोपं आहे.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात, दोन्ही मला गंभीरपणे घ्यावेसे वाटतात. पहिला आक्षेप जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या डॉक्टरांचा. इथे रुग्णाला यंत्र मिळायला आठवडे लागतात, आणि तुम्ही हॅफ्निअमच्या गप्पा करता? हा राग रास्त आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रानं भाभाट्रॉन हे स्वदेशी कोबाल्ट यंत्र बनवलं ते याच गरजेतून. 2012 मध्ये राष्ट्रीय कर्करोग जाळं उभं राहिलं तेही उपचार सगळीकडे सारखे व्हावेत म्हणून. यंत्रं आणि प्रशिक्षित माणसं यांना पहिला हक्क आहे, यात मला शंका नाही. पण या आक्षेपातूनच दुसरा मुद्दा निघतो. आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाचे कर्करोग अफाट आहेत, आणि तोंडातली गाठ सुईला सहज सापडते. थेट गाठीत द्यायच्या द्रव्याची खरी परीक्षा जिथे व्हायला हवी, ते ठिकाण युरोपपेक्षा आपलंच जास्त. शिवाय परीक्षा आपल्या यंत्रांवर व्हायला हवी, कारण कोबाल्टच्या किरणांखाली हे कण कसे वागतात हे दुसरं कुणी आपल्यासाठी तपासणार नाही. अट एवढीच की आपले रुग्ण परक्यांच्या द्रव्यांसाठी नुसते आकडे होऊ नयेत. संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत, त्याला समजेल असं वाचून दाखवावं, आणि चाचणी यशस्वी झाली तर द्रव्य इथे कोणत्या किमतीला मिळेल, हे चाचणी सुरू होण्याआधी लेखी ठरावं.

दुसरा आक्षेप म्हणजे खरं तर एक अभिमान आहे. आपल्याकडे सुवर्णभस्म होतंच, मग यात नवं काय, असं पुष्कळ सुशिक्षित लोकही विचारतात. भस्मांत अतिसूक्ष्म कण असतात, असं काही अभ्यासांत दिसलं आहे, आणि आपल्या वैद्यांची भस्म करण्याची चिकाटी आदरास पात्र आहे. पण कण लहान असणं म्हणजे औषध असणं नव्हे. कोणता आकार, कोणता थर, कोणत्या पेशीत किती वेळ, कोणत्या किरणांबरोबर, आणि किती रुग्णांत काय झालं, या प्रश्नांची उत्तरं जिथे आहेत तिथे औषध सुरू होतं. परंपरेवर प्रेम असेल तर तिलाही हेच प्रश्न विचारावेत. कर्करोगाच्या रुग्णाला उपचार सोडून भस्माकडे वळवणं हे त्या परंपरेशीही केलेलं पाप आहे.

आणि एक इतिहास तर प्रत्येक नॅनोसंशोधकाच्या भिंतीवर टांगलेला असावा. 1930 च्या सुमाराला थोरोट्रास्ट नावाचं द्रव्य आलं. थोरिअम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगते ठेवलेले. थोरिअमचा अणुक्रमांक 90, त्यामुळे क्ष-किरणांच्या चित्रात रक्तवाहिन्या झळझळीत दिसत. रुग्णाला त्या क्षणी काही त्रास होत नसे, डॉक्टर खूश असत. 1950 च्या दशकापर्यंत ते जगभर वापरलं गेलं. पण ते कण यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसले ते बाहेर पडलेच नाहीत, आणि किरणोत्सारी असल्यामुळे आतून भाजत राहिले. अनेकांना दोन-तीन दशकांनी यकृताचे कर्करोग झाले. हॅफ्निअम किंवा सोनं किरणोत्सारी नाही, त्यामुळे तीच गोष्ट जशीच्या तशी घडणार नाही, हे न्यायानं सांगायला हवं. पण धडा राहतोच. गॅडोलिनिअमचंही असंच झालं. एमआरआयसाठी ते वर्षानुवर्षं निर्धास्तपणे दिलं जात होतं. मूत्रपिंड निकामी असलेल्या रुग्णांत त्याच्यामुळे कातडी आणि ऊती घट्ट होत जाण्याचा विकार होतो, हे 2006 मध्ये ध्यानात आलं. शरीरात राहणाऱ्या द्रव्याचा हिशेब दोन वर्षांत मिटत नाही. 2019 मध्ये मान्यता देताना युरोपनं त्या हॅफ्निअम द्रव्याला वैद्यकीय साधन मानलं, अमेरिकेनं मात्र ते औषधाच्या वाटेनं नेलं. साधन की औषध, हा कागदोपत्री भेद वाटतो. पण किती वर्षं माग ठेवायचा आणि कोणी ठेवायचा, हे त्यावरून ठरतं. पेशीचं उत्तर बदलणारी वस्तू औषधाच्या कसोटीला लावलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आत्याचे 33 शेक पुरे झाले, गाठ गेली. आज ती शेतावर जाते, नातवंडांना ओरडते. पण तिच्या पिशवीत पाण्याची बाटली कायम असते, कारण लाळ परत आली नाही. भाकरी ती दुधात कुस्करूनच खाते. तिच्या त्या प्रश्नाला आज मला उत्तर देता येईल. आत्या, यंत्रानं तुला भाजलं नाही. त्यानं तुझ्या पेशींना एक प्रश्न विचारला, गाठीच्या पेशींना त्याचं उत्तर जमलं नाही म्हणून त्या मेल्या. तोंडाच्या अस्तराच्या पेशी सोलल्या, पण नव्या आल्या. लाळग्रंथीतल्या पेशींना मात्र तेही जमलं नाही.

या विषयातला नवा शोध वाचताना मी आता आकड्यांच्या पलीकडे एकच गोष्ट शोधतो. या कणामुळे गाठीच्या पेशी तशाच मरतील आणि त्या लाळग्रंथीतल्या पेशी जगतील का? ज्या दिवशी एखाद्या चाचणीच्या निकालात बऱ्या झालेल्या माणसांच्या संख्येशेजारी कोरडी भाकरी चावून खाऊ शकणाऱ्यांची संख्याही वाढलेली दिसेल, त्या दिवशी मी ही बातमी आत्याला स्वतः जाऊन सांगेन.